उताराला आडव्या नळ्या

आश्विनाचं ऊन! पिवळंधमक, तरतरीत, नुकत्याच कढवलेल्या तुपासारखं. सासवडच्या पलीकडल्या उतरत्या माळावर ते सांडलं, खालच्या हरितघन अंजिरांवर मनसोक्त लोळलं आणि वरच्या ओळीपाशी येऊन थबकलं. वरची ओळ करडी होती, कृश होती, तृषार्त होती.

"आता ही ओळ तोडायची," वैजयंताच्या सासऱ्यांनी, आबांनी, जाहीर केलं होतं. "जमीनच मेलीय तिथली."

वैजयंताचा जीव कळवळला. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ती झाडं तिनं स्वतःच्या हातांनी लावली होती.

मेलेली? अशी कशी मेलेली! तिनं घरातल्या सगळ्या वाट्या रानात नेल्या, ठिबकच्या एकेका छिद्राखाली मांडल्या आणि मोटर सुरू केली. खालच्या वाट्या भरभरून ओसंडल्या. वरच्यांचा तळ जेमतेम ओला. पंगतीत ओळखीच्यांना दोनदा श्रीखंड आणि कडेच्यांना नुसतं ताक, तसलाच प्रकार!

चूक पिढीजात होती. पाटानं पाणी देणाऱ्या हातांनी नळ्याही पाटासारख्याच उतारानं सोडल्या होत्या. पाणी बिचारं काय करणार? धावलं खाली, साचलं खाली, वाया गेलं खाली.

"आबा, नळ्या उताराला आडव्या घालू या."

"अगं, पाणी कधी आडवं चालतं का? खुळी का काय!"

"मोटर ढकलते की त्याला! दिवाळीपर्यंत तरी थांबा."

आबा हसले, पण थांबले.

मग काय विचारता! वैजयंतानं आणि तिच्या नवऱ्यानं, भगवंतानं, नळ्या उपटल्या, नळ्या उलगडल्या, एकेका ओळीलगत समपातळीत अंथरल्या. प्रत्येकीच्या तोंडाशी छोटा कॉक बसवला. हा थोडा पिळला, तो थोडा सोडला, आणि अहाहा! वरची वाटी भरली तशीच खालचीही भरली. मोटरही निम्माच वेळ चालली. वैजयंतानं टाळ्या पिटत चिखलातच गिरकी घेतली.

ठिबकत राहिलं जल. मुळाशी, मंदमंद, समसमान.

भाऊबीजेच्या सकाळी आबा झाडं तोडणाऱ्या माणसाला घेऊन माळ चढले. वैजयंता मागोमाग धावली. आबा पहिल्या झाडाशी वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "जा बाबा घरी. चहा मात्र घेऊन जा."

आणि सुकल्या फांदीच्या टोकाशी, कोवळा, लवलवता, पाच बोटांच्या पानाचा एक पोपटी पंजा आभाळाकडे उघडत होता, उघडत होता.