एका श्वासाची नोंद

“श्वास घेतला होता तिनं. नर्सबाईंनी लिहून दिलंय,” टेबलासमोरची तरुण बाई तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिने चिठ्ठी पुढे सरकवली.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या या खोलीत बेरीजकाकांची एकतीस वर्षं गेली होती. खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. जन्मांतून मृत्यू वजा केले की नैसर्गिक वाढ. तिच्यात बाहेरून आलेले मिळवायचे, गाव सोडून गेलेले वजा करायचे, की झाली शहराची वाढ. शहर वाढत गेलं आणि काकांच्या कंबरेची वाट लागली. वर्षाचा तक्ता चार दिवस घासून आज कुठे पुरा झाला होता : जन्म चारशे बारा, मृत्यू दोनशे अठ्ठ्याऐंशी.

या बाईचं बाळ इस्पितळाने मृतजन्मांच्या यादीत पाठवलं होतं. ती यादी वेगळी. तिच्यातली बाळं ना जन्मांत धरत, ना मृत्यूंत.

काकांनी चिठ्ठी वाचली. ‘बाळाने एकदा श्वास घेतला, मग थांबलं. यादी करताना माझी चूक झाली.’ खाली सही आणि शिक्का.

एक श्वास घेतला तरी तो जन्मच, हा नियम काकांना तोंडपाठ होता. आज तो आठवला नसता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

“आता नोंद करून काय होणार, बाई?”

“घरात सगळे म्हणतात, जे झालंच नाही त्याच्यासाठी काय रडतेस. ती झाली होती, काका.”

आतल्या खोलीतून साहेबांनी डोकं बाहेर काढलं. “अहो, एक जन्म वाढणार, एक मृत्यू वाढणार. वाढ तीच राहते, एकशे चोवीस! जन्मदर, मृत्युदर दोन्ही परत काढावे लागतील. कशाला विकतचं दुखणं?”

“वाढ तीच राहते, साहेब,” काका म्हणाले. “पण एक पोरगी राहून जाते.”

त्यांनी तक्त्यातल्या दोन्ही बेरजा खोडल्या. चारशे तेरा. दोनशे एकोणनव्वद. मग जन्माची वही उघडली.

“नाव ठेवलं होतं?”

तिने सांगितलं, इतकं हळू की काकांना पुढे वाकावं लागलं. त्यांनी ते स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि एकाच तारखेचे दोन दाखले तयार केले.

जन्माचा दाखला तिने दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. दुसरा परत सरकवला.

“हा नको.”

दोन्ही दाखले द्यायचेच असतात. काकांनी तो खणात ठेवला आणि पोचवहीत घेणाऱ्याच्या रकान्यात स्वतःची सही केली.