सिस्टरांच्या शोमधला माइक

मित्रांनो, माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपलेली आहे. ती पाहून पुष्कळांना हसू येते. खुशाल हसा, मला राग नाही. मी माइक आहे, वायरीचा, हातात धरायचा, आणि एका थंड देशातल्या लहानशा सिनेमागृहात माझे सारे आयुष्य गेले. ते कसे गेले हे आज तुम्हाला सांगावेसे वाटते. स्वतः बोलणे हा तसा माझा धंदा नाही. दुसऱ्याचे बोलणे पुढे पोहोचवायचे, एवढेच मला येते. तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. माझ्या पोटात कागदाहून पातळ असा एक पडदा बसवला गेला. त्याच्या मागे तारेचे वेटोळे आणि एक लोहचुंबक. कुणी बोलले की तो पडदा थरथरतो आणि ती थरथर वायरीतून स्पीकरपर्यंत जाते. टेबलाच्या शेवटी एक बाई बसत. तयार माइकमध्ये बोलून पाहणे हे त्यांचे काम. इतर लोक "एक, दोन, तीन" म्हणत. या बाई मात्र घरच्या कामांची उजळणी करत. माझ्यात त्या म्हणाल्या, "सासूबाईंच्या गोळ्या आणायच्या, छत्री दुरुस्त करायची." मी ऐकलेले ते पहिले शब्द. छत्री दुरुस्त झाली की नाही, कोण जाणे.

तिथून मी सिनेमागृहात आलो. त्या काळी तिथे मोठमोठे सिनेमे लागत आणि मॅनेजर मला हातात घेऊन सूचना देत. "बाहेर निळी गाडी आडवी लावली आहे, ती हलवावी." "एक चष्मा सापडला आहे." एकदा तर ते म्हणाले, "तिसऱ्या रांगेतले आजोबा, तुमच्या सूनबाई दाराशी तुमची वाट पाहत आहेत." अंधारातून आजोबांचे उत्तर आले, "तिला म्हणावं, आधी सिनेमा संपू दे." सारे सभागृह हसले. माझ्यामुळे एवढी माणसे एकदम हसली याचा मला फार अभिमान वाटला.

पण एके दिवशी मॅनेजरांच्या हातून मी जिन्यावर पडलो. जाळी चेपली, वायर आतून तुटली. त्याच आठवड्यात बिनवायरीचा नवा माइक आला आणि मी एका खणात गेलो. त्या खणात कुलपे हरवलेल्या किल्ल्यांचा जुडगा होता, वाळलेली डिंकाची बाटली होती आणि सेल नसलेली बॅटरी होती. आम्ही चौघे बिनकामाचे. तिथे किती वर्षे काढली ते मला सांगता येणार नाही. खणात कॅलेंडर नसते.

मधल्या काळात सिनेमागृहाचे दिवस फिरले. मोठे सिनेमे दुसरीकडे गेले आणि दाराला टाळे लागले. मग पूर्वी वाचनालयात काम केलेल्या एका बाईंनी ते चालवायला घेतले. त्यांनी बाहत्तर खुर्च्या ठेवल्या, बाकीच्या मोडक्या काढून टाकल्या आणि जे सिनेमे दुसरीकडे कुठेच लागत नाहीत ते आणायला सुरुवात केली. कुणी चार मित्रांनी मिळून केलेले, कुणी आपल्याच गल्लीत आपल्याच आत्या-मामांना घेऊन केलेले. समोरचा शिंपी एकदा म्हणाला, "बाई, हे सिनेमे बघतं कोण?" बाई म्हणाल्या, "सध्या मी बघते. तुम्ही आलात की दोघं होऊ." शिंपी आला, आणि पुढे दर शनिवारी येत राहिला.

हे सगळे मला खणात पडल्या पडल्या कळे, कारण तो खण सभागृहाच्या वर, सिनेमा लावणाऱ्या ऑपरेटर काकांच्या खोलीत होता आणि तिथे खालचे सारे ऐकू येई. काका जुन्या काळापासूनचे. रिळे गेली, संगणक आला, पण काका तिथेच राहिले.

एका वर्षी बाईंनी कॅरिबियन बेटांवरच्या सिनेमांचा आठवडा ठरवला. लहान लहान बेटे, आणि जवळजवळ प्रत्येकाची बोली निराळी. त्या दूरच्या लोकांनी हाताशी असतील त्या साधनांवर बनवलेले हे सिनेमे. शनिवारी दुपारी चारच्या खेळाला बाहत्तरच्या बाहत्तर तिकिटे गेली होती. असे पहिल्यांदाच घडले होते, आणि बाई सकाळपासून खुशीत होत्या.

अकरा वाजता काकांनी सिनेमा लावून पाहिला आणि ते बाईंना म्हणाले, "चित्र आलंय, आवाज आलाय. सबटायटल्स नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"म्हणजे खाली एक अक्षर दिसत नाही. लोक काय बोलतात ते मला कळेना, तुम्हालाही नाही कळणार."

बाईंनी फोन लावले, ई-मेल पाठवले. बेटावर तेव्हा पहाट होती. कुणी उठलेले नव्हते. शेवटी त्या पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "काका, पाटी लावू या. खेळ रद्द."

नेमक्या त्याच वेळी सभागृहाच्या दारातून कुणीतरी हसले. दारात एक वयस्क बाई उभ्या होत्या. चाळीस वर्षे इस्पितळात काम करून निवृत्त झालेल्या त्या परिचारिका. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. गुडघा दुखतो म्हणून कडेची खुर्ची मिळेल का, हे विचारायला त्या आल्या होत्या. पडद्यावर एक म्हातारा आपल्या बोकडाशी तावातावाने भांडत होता, आणि सिस्टर हसत होत्या.

बाईंनी मागे वळून पाहिले. "तुम्हाला हे समजतं?"

सिस्टर एकदम गंभीर झाल्या. "समजतं. मी तिथलीच आहे. तो बोकडाला म्हणतोय, तू अगदी माझ्या मेव्हण्यावर गेलायस."

काका खो-खो हसले. बाई मात्र उठून उभ्या राहिल्या. सिस्टरांनी लगेच ओळखले आणि हात आडवा केला.

"नाही हं. लोकांना सांगत बसायला मला जमायचं नाही. नर्सिंग शिकायला इथे आले ती इथलीच झाले. मुलीलासुद्धा ही भाषा शिकवली नाही. शाळेत मुलं हसतील म्हणून घरात बोलणंच बंद केलं. आता तर मी भांडतेसुद्धा तुमच्याच भाषेत."

"बाहत्तर लोक येणार आहेत, सिस्टर," बाई म्हणाल्या.

सिस्टर पडद्याकडे वळल्या. "त्यांत माझी मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "मीच तिला ओढून आणतेय. एकदा तरी बघ म्हटलं, मी कुठून आले ते." मग त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि विचारले, "बसायचं कुठे?"

आता माइक हवा होता. बिनवायरीच्या माइकमधले सेल फुटून आत गंज चढला होता. काकांनी खण उघडला. इतक्या वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. त्यांनी फुंकर मारून धूळ झटकली, वायर कापली, तुटलेल्या जागी कथलाचा डाग दिला आणि मला तोंडाशी धरून म्हणाले, "बोल बाबा, लाज राख." स्पीकरमधून आधी खरखर आली, मग तेच शब्द सभागृहभर घुमले. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते मी कुठल्याही भाषेत सांगू शकणार नाही.

चार वाजता सभागृह भरले. बाईंनी लोकांना खरे काय ते सांगितले. सिस्टर मागच्या खांबाजवळ स्टुलावर बसल्या. त्यांची मुलगी तिसऱ्या रांगेत होती, हाताची घडी घालून, घड्याळाकडे अधूनमधून बघत.

सुरुवातीची दहा मिनिटे वाईट गेली. सिस्टर मला तोंडापासून फार लांब धरत होत्या. "तो म्हणतो, तुम्ही कुठे जात आहात. ती म्हणते, मी बाजारात जात आहे." कुणीतरी ओरडले, "मोठ्याने." दोघेजण उठून गेले. मग तो बोकडवाला म्हातारा आला. सिस्टरांनी त्याचे बोलणे त्याच्याच तावात सांगितले आणि सगळ्या सभागृहातून हसू आले. पडद्यावरच्या विनोदाहून थोडे उशिरा, पण आले. तिथून सिस्टरांची भीड चेपली. त्यांनी "तो म्हणतो, ती म्हणते" सोडून दिले. त्या म्हातारा झाल्या, कोळीण झाल्या, चहाडखोर शेजारीण झाल्या. मी फक्त वाहून नेत होतो.

सिनेमा संपत आला तेव्हा पडद्यावर एक मुलगी बोटीत बसायला निघाली. तिची आई धक्क्यावर उभी राहून तिला काही सांगू लागली. आणि सिस्टर गप्प झाल्या.

माझ्यात फक्त त्यांचा श्वास येत होता. तो सगळ्यांना ऐकू जात होता. पडद्यावरची आई बोलतच होती. लोक चुळबुळले नाहीत, पण मागे वळून पाहू लागले. मला वाटले, आपलीच वायर पुन्हा तुटली की काय.

तिसऱ्या रांगेतली मुलगी उठली. अंधारात खुर्च्यांचे हात चाचपत ती मागे आली, स्टुलाजवळ जमिनीवर बसली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आई, सावकाश. आम्हाला घाई नाही."

हे तिने आईला सांगितले होते, पण मी मध्ये होतो. ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेले.

सिस्टर पुन्हा सांगू लागल्या. "ती म्हणते, तिकडे म्हणे फार थंडी असते. कान झाकून फिर. आणि जेवणाच्या वेळी जेव, कुणी विचारणार नाही." मग त्या म्हणाल्या, "एवढं सिनेमातलं. माझ्या आईनं मला हेच सांगितलं होतं, ते सिनेमातलं नाही."

शेवटची नावे वर सरकत गेली तरी कुणी उठले नाही. मग शिंपी उभा राहून टाळ्या वाजवू लागला, आणि त्याच्यामागे सगळेच.

सभागृह रिकामे झाले तरी मायलेकी खांबाजवळच होत्या. मुलगी म्हणाली, "कान झाकून फिर, हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात?" सिस्टरांनी सांगितले. मुलीने तसे म्हणून पाहिले. "जीभ वर नको लावूस, खाली," सिस्टर म्हणाल्या. मुलीने पुन्हा म्हटले. तिसऱ्या खेपेला दोघी हसू लागल्या. वर काकांच्या लक्षात आले की मी अजून चालूच आहे. त्यांनी हलकेच बटण फिरवून माझा आवाज बंद केला. तेवढे बोलणे त्या दोघींचे राहिले.

पुढच्या आठवड्यात सबटायटल्स आली. पण लोक बाईंना विचारू लागले, सिस्टरांचा शो पुन्हा कधी? तेव्हापासून महिन्यातला एक शनिवार माझा झाला. कुठल्या कुठल्या बेटांवरून येऊन इथे राहिलेली माणसे माझ्यामागे येऊन बसली. एक न्हावी आला, त्याला रडण्याचे प्रसंग जमत नसत, तो सगळ्यांना हसवूनच सोडी. एक सुतार आला, तो एका वाक्याची तीन करी आणि काका वरून काच वाजवत. आपली बोली विसरलो असे प्रत्येकजण म्हणे, आणि पंधरा मिनिटांत ती त्यांच्या तोंडी परत येई. हे सगळे पहिल्यांदा मी ऐकले, माणसांनी नंतर.

आता सिस्टरांचा आवाज बसला आहे. गेल्या काही महिन्यांपासून त्यांच्या जागी मुलगी सांगते. ती अजून चुकते, आणि कडेच्या खुर्चीतून सिस्टर सगळ्यांदेखत तिची चूक सुधारतात. लोकांना त्यात सिनेमाइतकीच गंमत वाटते. मीही थकलो आहे. कधी कधी खरखरतो. काका मला मऊ फडक्याने पुसतात, वायर गोल गुंडाळून ठेवतात, आणि मला खणात नाही, टेबलावर ठेवतात.

माझ्या वाट्याला फार आले, मित्रांनो. माझे मागणे थोडेच आहे. माइकला वायरीने ओढू नका, चालू आहे का ते पाहायला त्याच्या डोक्यावर टकटक करू नका, त्याला लागते. आणि तुमच्या घरात, शेजारी, कुणी दुरून आलेले वयस्क माणूस असेल, तर त्याला एकदा विचारा, लहानपणी तुम्ही कसे बोलत होता? मग शेजारी बसा. सुरुवातीला ते नाहीच म्हणेल. तुम्ही बसून राहा.