लगद्यावरच्या अळ्या

"काका, दुसऱ्या रॅकवरच्या डब्यांत मावा कुणी टाकला?"

मॅडमनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. त्यांनी हातातला बारीक ब्रश पाण्यात बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला.

"मीच टाकला."

कीटक-संशोधन संस्थेत सगळे त्यांना मावाकाका म्हणत. घेवड्याच्या रोपांवर मावा ही बारीक कीड वाढवायची आणि ती लाल, ठिपकेदार ढालकिड्यांच्या अळ्यांना खाऊ घालायची, यात त्यांची उभी हयात गेली होती. पिकावर मावा दिसला की लोक कपाळाला हात लावतात; काका पान उलटं करून बघत आणि खूश होत. काकू म्हणायच्या, "रोपांना कीड लागली म्हणून हसत घरी येणारा नवरा माझ्याच नशिबी."

यंदाचा प्रयोग मॅडमचा होता. पहिल्या रॅकवरच्या अळ्यांना जिवंत मावा द्यायचा, दुसऱ्या रॅकवरच्यांना यकृत, अंडं आणि मध घोटून केलेला लगदा. खाणं बदललं की आतड्यातले जिवाणू कसे बदलतात आणि त्याचा वाढीवर काय परिणाम होतो, ते बघायचं होतं. लगद्यात तशी कशाचीच उणीव नव्हती. तरी त्याच्यावरच्या अळ्या रोडावल्या होत्या, कात टाकायला उशीर लावत होत्या. डबा उघडला की डोकं उचलून उगाच काहीतरी शोधत फिरायच्या, आणि ते बघून काकांचा जीव तुटायचा.

लगदा काकाच घोटायचे. घरी गेल्यावरही तेच काम. काकूंना झटका आला, अर्धं अंग गेलं आणि त्याबरोबर गिळायची ताकदही गेली. पोटात नळी बसवली. डॉक्टरांनी दिलेली अन्नाची पावडर कोमट पाण्यात गुठळी न होऊ देता ढवळायची आणि सिरिंजनं हळूहळू सोडायची. काकू आरशासमोर जिभेचे, घशाचे व्यायाम करायच्या, एखाद्या शाळकरी मुलीसारख्या मन लावून. पुन्हा तोंडानं खाता येईल, एवढ्या एका आशेवर दोघांचे दिवस जात होते.

मग डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि सांगून टाकलं, "नळी आता कायमची. तोंडानं पाण्याचा थेंबही नको, फुप्फुसात जाईल." काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी काका कामावर आले आणि सवयीनं लगद्याचे डबे उघडले. अळ्या डोकं उचलून फिरत होत्या. आपण काय करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पानावरचा मावा ब्रशनं उचलला आणि एकेका डब्यात झटकला. पहिल्या अळीनं तो असा काही पकडला की काका तिथेच उभे राहून रडले.

"असं झालं," ते मॅडमना म्हणाले.

मॅडम स्टूल ओढून बसल्या. "मला सांगायचं तरी, काका."

"काय सांगणार? किड्यांची दया आली म्हणून? तुम्ही हसला असता."

"नसते हसले." त्यांनी चष्मा काढला. "पण या रॅकचा आता काही उपयोग नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"माझी चूक आहे. काय लिहायचं ते लिहा वरती." काकांनी ब्रश पुसून ठेवला. "पण एक सांगा. सुधारल्या का त्या? मावा मिळाल्यावर?"

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. "या आठवड्याचे नमुने तपासले, त्यावरूनच मला कळलं. आतड्यात मावा खाणाऱ्यांसारखे जिवाणू आलेत. पण वाढ नाही झाली. उशीर झाला होता."

"म्हणजे आता खाऊन काही..."

"नाही, काका."

त्या रॅकवरच्या उरलेल्या अळ्या मारून ठेवायला अल्कोहोलमध्ये टाकायच्या होत्या. मॅडम म्हणाल्या, मी टाकते. काका म्हणाले, "राहू द्या. मी वाढवल्यात." त्यांनी एकेक अळी ब्रशनं अलगद उचलली, जशी इतकी वर्षं उचलली होती, आणि बाटलीत सोडली.

घरी आल्यावर त्यांनी काकूंच्या नळीतून पावडर सोडली, नळी पुसली, बंद केली. मग स्वतःची बशी झाकली आणि जिन्याकडे निघाले. काकू आजारी पडल्यापासून ते जिन्यातच बसून जेवत, वास आत जाऊ नये म्हणून दार ओढून घेत. काकूंनी चांगल्या हातानं पलंगाच्या दांडीवर टकटक केलं.

"इथं," त्या म्हणाल्या. जड जिभेतून शब्द हळू निघायचे. "इथं बसून... जेवा."

"अगं, वास येईल तुला."

"येऊ दे."

काका पलंगाशेजारी बसले. बशीत उकडलेला बटाटा होता, वर मीठ आणि मिरी. पहिला घास तोंडात फिरत राहिला.

"कसं... झालंय?"

जन्मभर स्वयंपाकघरातून हाच प्रश्न यायचा आणि काका मान वर न करता "ठीक" म्हणायचे. आताही तेच म्हणाले.

"नीट सांगा."

मग काका सांगू लागले. बटाटा गरम आहे. मधे जरा कच्चट राहिलाय, दाताला लागतोय. मीठ एका बाजूलाच पडलंय. मिरी आधी कळत नाही, मग घशाशी झोंबते. काकूंची नजर काकांच्या तोंडावर खिळली होती आणि त्यांचा स्वतःचा जबडाही काकांबरोबर हलत होता. काकांनी गिळलं तेव्हा काकूंनीही गिळायचा प्रयत्न केला. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. काकांनी ती टॉवेलनं टिपली.

"पुढचा," काकू म्हणाल्या.

काकांनी बटाट्याचा आणखी एक तुकडा तोंडात घातला आणि तो कसा लागतो ते सांगायला सुरुवात केली.