सात तारखेची दिवेलागण

कामशेतच्या भातगिरणीत पगाराचा दिवस कंदिलावर ठरायचा. नवा कायदा झाल्यापासून भिंतीवर पाटी लागली होती, की मागल्या महिन्याचा पगार सात तारखेच्या आत मिळेल. पण दिवेलागणीनंतर लक्ष्मी घराबाहेर काढू नये, हे मावळात पोरासोरांनाही ठाऊक. सातला दिवा लागेपर्यंत शेट गल्ल्यावर बसले नाहीत, की पगार दुसऱ्या दिवसावर जाई. दुसरा दिवस शुक्रवार, म्हणजे लक्ष्मीचाच वार निघाला, तर तिसऱ्यावर. "कायदा सरकारचा, लक्ष्मी देवाची," शेट म्हणत. तेवढ्या दोन दिवसांत त्याच पैशात आणखी भात खरेदी होई, हे म्हणत नसत. पैसे घ्यायचे असले, तर दिवेलागण त्यांना कधी आड आली नाही.

दिवा लावायचं काम मुकादम हौशीरामचं. वहीवर बायांचे अंगठेही तोच दुपारी उमटवून ठेवी, म्हणजे सरकारी साहेब तपासायला आला तरी कागदावर सात तारीखच. शेट नुसते खाकरले, की हा कंदील पेटवी. बदल्यात त्याचा स्वतःचा पगार सकाळीच खिशात पडे. आपण हुकमाचे ताबेदार, असं तो घरी सांगे, आणि त्याला ते खरंही वाटे.

लढाईच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. त्या सातला पाखडणाऱ्या अंबूबाईचं चित्त सुपात नव्हतं. तिचा मारुती पलटणीत भरती झालेला. पहाटे खडकीहून त्यांची गाडी मुंबईला, तिथून बोटीनं लढाईवर. संध्याकाळची गाडी धरली तर लेकाचं तोंड दिसणार होतं. पण भाड्याला पैसा नव्हता, आणि उसना कुणाकडं मागावा? सगळ्याच जणी पगाराची वाट बघत बसलेल्या.

"भाऊ, आज वाईच लवकर हुईल न्हवं?" तिनं विचारलं.

"बघू की," हौशीराम म्हणाला.

उन्हं अजून डोंगराआड गेली नव्हती. आत शेट खाकरले. हौशीरामनं एकदा अंबूबाईकडं पाहिलं, आणि काडी ओढली.

बायांनी दिव्याला हात जोडले आणि पदर झटकून उठल्या. दिवा लागल्यावर पैसा मागायचा कुणी?

अंबूबाई तेवढी उभी राहिली. "आता कसं वो, भाऊ?"

हौशीरामच्या खिशात पगार होता. भाड्यापुरतं काढून देणं जड नव्हतं. पण दिले असते तर दिवा लागल्यावरही पैसा देता येतो हे त्यानंच कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि शेटच्या कानावर गेलं असतं. "उद्या बघू," म्हणत तो कंदिलाची काच पुसत बसला. काच स्वच्छच होती.

दोन दिवसांनी ती पगाराला आली, तेव्हा पाय सुजलेले.

"चालतच निघाले रुळाच्या कडंनं," ती बायांना सांगत होती. "देहूरोडच्या म्होरं उजाडलं, तर पलटणीची गाडीच सामोरी आली. समद्या खिडक्यांतनं पोरं हात हालवत हुती. माजा कंचा, कळंना. मग म्या समद्यांलाच हात हालवला."

हौशीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री भाकरी तोंडात फिरत राहिली. बायकोनं कारण विचारलं, तर ते सांगायचीही त्याला लाज वाटली.

पुढल्या सातला शेट खाकरले. हौशीराम हलला नाही. पुन्हा खाकरले. मग ओरडले, "अरे, दिवा!"

"पगार झाला की लावतो, शेट."

बाया जागच्या हलल्या नाहीत. अंधार दाटत चालला, पण दिवा लागला नव्हता, म्हणजे दिवेलागण झालीच नव्हती. शेट आपल्याच नेमात अडकले. स्वतः उठून दिवा लावावा, तर पगार आपणच अडवतो हे बायांना दिसलं असतं. शेवटी चरफडत गल्ल्यावर बसले आणि नाणी चाचपून चाचपून पगार वाटला. बाया हौशीरामला दुवा देत गेल्या.

अंबूबाई शेवटची. पैसे पदरात बांधून ती त्याच्यापाशी थांबली.

"गेल्या सातला तर ह्याच्यापरीस लय उजेड हुता, भाऊ," ती म्हणाली, आणि निघून गेली.

काडीपेटी हौशीरामच्या हातातच राहिली. त्या दिवशी दिवा शेटनाच लावावा लागला.