हिमद्राक्षाचं तीर्थ

भांडुपमधल्या सोसायटीचा हॉल खच्चून भरला होता. हिमकेतू महाराजांनी मुठीचा चांदीचा कलश उलटा केला. थेंबही पडला नाही. मग मंत्र पुटपुटून पुन्हा कलता केला, तर लालभडक धार! सगळ्यांचे हात जोडले गेले.

"हिमालयातल्या गुहेत एकच वेल! देव स्वतः द्राक्षं खुडतात. ह्या तीर्थाने रक्तातल्या गाठी विरघळतात!" देवांना एवढी फुरसत कशी मिळते, हे कोणी विचारलं नाही.

शर्मिष्ठा गर्दीतून वाट काढत पुढे आली. रांगेत सगळ्यात पुढे तिचे पप्पा, नंदकुमार, उजवा तळवा पसरून उभे होते. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप होती आणि तीर्थावर विसंबून त्यांनी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या. झडपेवर गाठ धरली तर सगळंच संपणार होतं.

"पप्पा, थांबा! ती वाईन आहे."

"तोंड सांभाळ!" पप्पा कडाडले. जन्मात बिअरला न शिवलेला माणूस हा!

"तुम्ही घरी आणलेली बाटली मी मरोळला आमच्या लॅबमध्ये तपासून घेतली. कुठली आहे, हे तपासणाऱ्याला सांगितलंच नव्हतं."

महाराज हसले. "बेटी, यंत्राला श्रद्धा कळते का?"

"नाही. प्रकाश कळतो. माती, हवा, द्राक्षाची जात, सगळ्याची छाप वाईनमध्ये उतरते. तिच्यातून प्रकाश सोडला की कुठल्या रंगाचा किती शोषला गेला, त्याचा आलेख निघतो. तो आम्ही ठिकठिकाणच्या नमुन्यांशी ताडतो. हिमालयाकडच्या नमुन्यांशी जुळला नाही. नाशिकच्या नमुन्यांशी जुळला."

"म्हणजे आम्ही सकाळी सकाळी खरंच 'तीर्थ' घेत होतो?" मागून कोणीतरी खिदळलं.

"मग रिकाम्या कलशातून येते कशी गं?" शेजारच्या चेतनाकाकूंनी विचारलं.

"महाराज, कलशाच्या मुठीवरचा अंगठा उचला आणि मग कलश उलटा करा."

महाराजांचा अंगठा हलेना. दोन सेवक शर्मिष्ठाच्या अंगावर धावून आले. तेवढ्यात पप्पांनीच कलश हिसकावून उलटा केला. भळाभळा वाईन महाराजांच्या पायांवर सांडली. आत चोरकप्पा होता आणि मुठीला बारीक भोक. भोक दाबलं की हवा आत शिरत नाही आणि वाईन बाहेर येत नाही. एवढाच तो चमत्कार!

शर्मिष्ठाने पप्पांना तसंच रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं. गाठ धरली नव्हती, पण आणखी उशीर केला असता तर धरली असती, असं डॉक्टरीणबाईंनी खडसावून सांगितलं. तेव्हा कुठे शर्मिष्ठाला रडू फुटलं.

पुढच्या रविवारी पप्पा त्याच हॉलमध्ये उभे राहिले.

"जन्मभर मी बँकेत सह्या ताडल्या," ते म्हणाले. "ओळखीच्या माणसाचाही चेक तपासल्याशिवाय पास केला नाही. आणि स्वतःचा जीव त्या माणसाच्या हातात देताना काहीच ताडून पाहिलं नाही. तुम्ही पाहा. विचारा. आणि जो तपासू देत नाही, त्याच्या हातचं काही तोंडात घालू नका."