खडूची रेघ मागे सरकते

गॅरेजचं शटर वर ढकललं की वहिनी आधी चाकावरची रेघ बघायची. दिवा नंतर, झाडू नंतर. टेबलावर मधोमध मोटरसायकलचं इंजिन, त्याच्या उजव्या अंगाला मॅग्नेटचं थाळीएवढं चाक आणि त्या चाकावर दिराने खडूने ओढलेली पांढरी रेघ. संध्याकाळी ती रेघ इंजिनाच्या अंगावरच्या खुणेला लावून ठेवायची आणि सकाळी बघावं तर बोटभर मागे सरकलेली. पुढे कधीच नाही.

दीर म्हणाला, व्हॉल्व्हची स्प्रिंग दाब देते, चाक मागे येतं, यात भूतबीत काही नाही. वहिनीने मान डोलावली. मग दिवसा का येत नाही, असं तिने विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिला उत्तर नकोच होतं. नवऱ्याला जाऊन वर्ष उलटलं होतं आणि कुणीतरी रोज येऊन चाकाला हात लावून जातं, याची भीती वाटायची तशी सोबतही वाटायची.

नवऱ्याला नेलं ते याच इंजिनाने. चढाच्या रस्त्यावर, भरवेगात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला, इंजिन जागच्या जागी जाम झालं आणि मागचं चाक अडकून गाडी कठड्यावर गेली.

असं होऊ नये म्हणून तर तपासतात. शाळेतली पोरं हत्ती-घोडे करतात तसली माती पिस्टनच्या डोक्यावर थापायची, वर हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, बसवायचं, चाक हाताने दोन फेरे फिरवायचं आणि हेड पुन्हा उघडून दबलेल्या मातीची जाडी मोजायची. जेवढी जाडी, तेवढं पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर. या घरात माती मळायची वहिनी, चाक फिरवायचा नवरा आणि व्हर्नियरवरचा आकडा वाचायची पुन्हा वहिनी, कारण त्याला जवळचं दिसत नव्हतं आणि चष्मा लावायला राजेसाहेबांना कमीपणा वाटायचा. शेवटच्या वेळी तिने वाचलं होतं, दोन मिलिमीटर, म्हणजे पुरेसं. तिच्या शब्दावर त्याने हेड कायमचं आवळून टाकलं. तेव्हापासून तिला खात्री नव्हती. दोन होतं की एक? कुणी तिला दोष दिला नाही. ते काम तिचं तीच करत होती.

आता त्याच इंजिनात नवा पिस्टन, नवे व्हॉल्व्ह टाकून दीर त्याच रस्त्यावर शर्यतीला उतरणार होता. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं, जेवण सोडलं, पण तो बधला नाही. शेवटी त्या सुनेला म्हणाल्या, "माझा एक या मशीनने नेला. मातीचा आकडा तू बघितल्याशिवाय हे सुरू व्हायचं नाही. तुझ्या शब्दावर सोडते मी त्याला."

घ्या. ज्या डोळ्यांवर तिचाच भरवसा उरला नव्हता, त्यांच्यावरच सगळा भार.

माती जुन्याच डबीतली होती. ही माती सुकत नाही. गोळ्यावर नवऱ्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा तसाच होता, रेषा न् रेषा. तो डावखुरा. वहिनीने ठसा राखून कडेची माती तोडली, मळली आणि पिस्टनवर थापली.

हेड बसवून दीर नवऱ्याच्या स्टुलावर बसला, चाकाला हात घातला आणि वहिनीच्या अंगावर काटा आला. दीर पक्का उजवा. जेवायला, लिहायला, पाना धरायला उजवा. पण चाकावर गेला तो डावा हात. मान तशीच किंचित कललेली, चाकाची डावी कड धरून सावकाश खाली ओढणं तसंच.

"भाऊजी, डावा हात?"

त्याने तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला. "दादा असाच फिरवायचा ना. त्याचंच बघून शिकलो."

हेड उघडलं. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हखालची माती मोजली तर दोन भरली. वहिनीने दोनदा वाचलं, दिरालाही वाचायला लावलं. दोनच. दीर हात पुसत उठला. वहिनी मात्र चाकाकडे बघत राहिली. त्याने डाव्या हाताने ओढलं, तेव्हा रेघ मागे गेली होती. रोज सकाळी जाते तशीच मागे. आणि इंजिन चालतं तेव्हा चाक फिरतं पुढे.

"पुन्हा करा," ती म्हणाली. "उजव्या हाताने."

आकडा आला की, आता काय नवीन, असं दीर कुरकुरला. तिने सासूबाईंची अट पुढे केली. पुन्हा माती, पुन्हा हेड, पुन्हा दोन फेरे, या वेळी सुलटे. उघडलं तर एक्झॉस्टखाली माती नावाला उरली होती. अर्धा मिलिमीटरही नाही.

दिराने व्हॉल्व्हची उघडझाप चाकाशी जुळवणारी टायमिंगची जुनी चेन बोटाने दाबून पाहिली. ती ताणून सैल झाली होती. चाक उलटं फिरवलं की सगळी ढिलाई दुसऱ्या बाजूला जायची, व्हॉल्व्ह आधीच मिटायचा आणि माती जाड दिसायची. सुलटं फिरलं की व्हॉल्व्हला उशीर व्हायचा आणि पिस्टन त्याला गाठायचा. दादाने सगळी इंजिनं अशीच तपासली होती. चेन घट्ट असेपर्यंत खपून गेलं.

"म्हणजे दादानेच..." त्याने चेनवरचं बोट काढून घेतलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही तर मेल्यावरही धाकट्याच्या हातात येऊन बसली होती. वहिनीला रडू फुटलं, पण ते सुटकेचं नव्हतं. आकडा तिने बरोबर वाचला होता. चूक आपलीच निघाली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्या चुकीची तिला सवय झाली होती. नवऱ्याच्या हाताला दोष द्यायची सवय कशी लावायची, ते तिला कळेना.

दिराने नवी चेन आणली, ती ताणून धरणारा टेन्शनरही बदलला. आधीची माती इंजिनाच्या तेलात खराब झाली होती, त्यामुळे तिसऱ्या तपासणीला कमी पडली. डबीत ठशाचा तेवढा तुकडा होता. दीर म्हणाला, दुकानातून नवी आणू. वहिनीने क्षणभर त्या ठशावर आपला अंगठा टेकवला, मग तुकडा तळहातात घेतला आणि मऊ होईपर्यंत मळला. दिराने उजव्या हाताने चाक फिरवलं. आकडा आला सव्वादोन. तिने तो मोठ्याने वाचला आणि घरी जाऊन सासूबाईंना सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शटर वर ढकललं. रेघ खुणेवरच होती, केसभरही हललेली नव्हती. चेन आता घट्ट आहे, मग स्प्रिंगच्या दाबाने चाक कशाला हलेल, असं दीर म्हणाला असता. वहिनी स्टुलावर बसली, डाव्या हाताने चाकाची कड धरली आणि रेघ बोटभर मागे ओढून ठेवली.