हनुमान जयंतीनंतरचा रविवार

टोकावड्याहून आत वळून तासभर चाललं की मोहाचा पाडा लागतो. बावीस घरं, त्यातली नऊ ख्रिस्ती, आणि मधोमध एका खोलीचं कौलारू देऊळ. देवळापुढच्या आंब्याला रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. गिरजाच्या नवऱ्याने, सुक्या मास्तरने, तो कसाऱ्याच्या भंगारवाल्याकडून विकत घेतला आणि खांद्यावरून वाहून आणला. तीच देवळाची घंटा.

पाड्याचं वर्ष आणि देवळाचं वर्ष, या दोघांचं कधी जमलंच नाही. दिवाळी उरकली की पाडा वीटभट्ट्यांवर निघतो. तवे, पोरं, कोंबड्या, सगळं टेम्पोत घालून जातो आणि मधले शिमग्याचे चार दिवस सोडले तर पावसाच्या तोंडावरच परततो. देवळाचं वर्ष सुरू होतं ते नेमकं यांची पाठ फिरल्यावर. आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, ईस्टर, सगळे मानाचे सण बंद दारांवरून निघून जातात. माणसं परत येतात तेव्हा देवळात सामान्य काळ, म्हणजे बिनसणाचे दिवस, लागलेला असतो, तो भातलावणीपासून कापणीपर्यंत काही संपत नाही. येशू जन्मला, मेला आणि उठला, हे मोहाच्या पाड्यावर पाहायला एकटी गिरजा असायची. म्हणजे ती, आणि पलीकडच्या टोकाची जनी. पण जनी ठार बहिरी, आणि शिवाय तिचा देव वेगळा.

सुक्या होता तोवर दोघं होती. तो पाड्याचा धर्मशिक्षक, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. तो अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात गेला. तेव्हापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ रुळाच्या तुकड्यावर टोले गिरजा देते. ऐकायला कोणी नसतं. तरी देते. एकदा तापाने फणफणलेली असताना ती रांगत आंब्यापर्यंत गेली होती. असं माणूस नाकावर माशी बसू देत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तिचा एकुलता एक मुलगा मंगेश. दोन हजार एकच्या शिमग्याला तो भट्टीवरून पाड्यावर आला, दारू प्यायला, होळीभोवती नाचला आणि तसाच आईच्या दारात जेवायला आला. बाहेर शिमगा असला तरी घरात ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. गिरजाने साऱ्या पाड्यादेखत दार लावून घेतलं. "माझ्या हातचं तुला मिळनार नाय," एवढं एकच वाक्य ती बोलली. मंगेशने ते गाठीला बांधलं. पावसाळ्यात तो पाड्यावर आलाच नाही. बायको ललिता आणि पोर रेश्मा यांना घेऊन धसईकडे सासुरवाडीला राहिला. गिरजाने चार महिने दोन माणसांचा भात रांधला आणि उरलेला कोंबडीपुढे टाकला. रागाने लावलेलं दार उघडायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या साली, दोन हजार दोनचा उपवासकाळ आला तेव्हा तिने मनाशी नवस केला. चाळीस दिवस एकवेळ जेवीन, मीठ कमी खाईन, पण ईस्टरला मंगेश माझ्यासोबत जेवायला बसू दे. दुसरं काही मागणं नव्हतं.

आता, ईस्टर दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. तो मागेपुढे होतो, आणि त्याच्याबरोबर उपवासाचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार, झावळ्या, सगळी वरात मागेपुढे होते. मास्तर होता तेव्हा तारखा तो सांगायचा. तो गेल्यावर म्हातारे फादर एलायस नाताळच्या मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, जीपमधून यायचे तेव्हा सांगून जायचे. गिरजाला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण डोकं होतं. तीन वर्षं ओळीने तिने ताडून पाहिलं: टोकावड्याला हनुमान जयंतीचा कर्णा वाजला की त्यानंतरच्या रविवारी ईस्टर. एकदाही चुकलं नाही. गुपित सापडल्याच्या आनंदात ती दोन दिवस एकटीच हसत होती.

मग फादर एलायसांची बदली झाली. नवे फादर दिवाळीनंतर पाड्यावर येऊन गेले तेव्हा गिरजा रानात लाकडांना गेली होती. साऱ्या दारांना कड्या. त्यांनी वहीत लिहिलं, पाडा भट्टीवर गेला. झालं, नाताळला जीप आली नाही. गिरजाने मातीचे मेंढपाळ केले, मातीचं बाळ केलं, रुळावर टोले दिले आणि आपणच गाणं म्हणून आपणच घरी आली. तारखा सांगायला कोणी आलं नाही, याचं तिला काही वाटलं नाही. तिला माहीत होत्या ना!

टोकावड्याला हरेशच्या दुकानात तिने विचारलं, "हनुमान जयंती कधी रे?" हरेशने भिंतीवरचं कॅलेंडर पाहून सांगितलं, सत्तावीस एप्रिल. त्याच कॅलेंडरात ईस्टरही छापलेला होता. पण ते तिने विचारलंच नाही. जे आपल्याला येतं ते दुकानदाराला का विचारावं? तिने बोटांवर मागे मोजलं, मार्चमधला एक बुधवार धरला, गेल्या वर्षीची वाळलेली झावळी जाळली आणि आपल्याच बोटाने आपल्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही उगीच नाही.

दोन आठवड्यांनी शिमगा आला आणि पाडा चार दिवसांपुरता भरला. गुरुवारी होळी पेटली, शुक्रवारी धुळवड झाली. गिरजा दोन्ही दिवस घरातच होती. मंगेश आला होता, पण दोन घरं सोडून चुलतभावाकडे उतरला होता. त्याचा आवाज तिला कुडातून ऐकू यायचा. या वेळी त्यात दारू नव्हती, तेही तिने ओळखलं. शनिवारी टेम्पो भरभरून माणसं परत गेली. मंगेश गेला नाही. का राहिला असेल, या विचाराने तिला रात्रभर झोप आली नाही.

रविवारी सकाळी तो दारात उभा राहिला. हातात टोप. मागे ललिता, तिच्या डोक्यावर भाकऱ्यांची टोपली, आणि तिच्या लुगड्याला धरून तीन वर्षांची रेश्मा.

"आय," मंगेश म्हणाला, "भांडन पुरे झालं. आपुन एकत्र जेवू."

गिरजाने दार पुरतं उघडलं. ती बाजूला सरकणार, तेवढ्यात टोपातला वास तिच्या नाकात गेला.

"काय हाय त्यात?"

"कोंबडी."

"उपास चालू हाय नि कोंबडी आनलीस?"

"नाय गो आय," ललिता पुढे झाली, "आज तुमचा मोठा सन हाय ना? भट्टीवर सिस्टर येतात, रेश्मा जाते त्यांच्या बालवाडीत. त्या बोलल्या. म्हनून तर आमी एक दिस जास्त र्‍हायलो. शेठ बोंबलत असंल तिकडं."

ललिताचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. ती गिरजाला देवळाचा सण सांगत होती.

"तू मला शिकवतेस?" गिरजाचा आवाज चढला. "मास्तरची बायको हाय मी. सन हनुमान जयंतीच्या मागून येतो, आजून महिना हाय. सिस्टरचं नाव घेऊन माझा उपास मोडायला आलाव तुमी."

ललिता मंगेशकडे पाहू लागली. मंगेशने टोपावरचं फडकं नीट केलं.

"चल गो," तो बायकोला म्हणाला. मग आईला म्हणाला, "दोनदा उपाशी धाडलंस. आता मी या दारात पाय ठेवनार नाय."

ती तिघं पायवाटेने उतरून गेली. रेश्मा मागे वळून पाहत होती. गिरजा देवळात जाऊन गुडघे टेकून बसली. सैतानाने येशूला दगडाच्या भाकरी करायला सांगितल्या. आपल्याकडे पोराच्या हातात कोंबडी दिली. आणि आपण नाही बधलो. असं ती देवाला सांगत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. देव काय म्हणाला असेल, देव जाणे.

पुढचा महिना फार वाईट गेला. ऊन चढलं, विहीर खाली गेली, मोहाची फुलं वेचून संपली. बोलायला जनी. तिच्यापुढे ओरडून ओरडून गिरजाचा घसा बसायचा आणि जनी भलतंच उत्तर द्यायची. गिरजा एकवेळ जेवत राहिली. नवस मोडला नव्हता. मंगेश ईस्टरला येईल, तो रागाने बोलला पण येईल, असं ती मनाला समजावत होती.

सत्तावीस तारखेला टोकावड्याचा कर्णा वाजला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने लग्नातलं लुगडं नेसलं, नव्या पवित्र पाण्यासाठी रिकामी बाटली घेतली आणि एसटीने मुरबाड गाठलं. तिथून दुसरी गाडी करून ती फादरांच्या मिशनात पोचली. मंडपाची, फुलांची, गर्दीची तयारी मनात करूनच ती आत शिरली. आत पंधरा-वीस माणसं होती. वेदीजवळ ईस्टरच्या रात्री नवी पेटवतात ती मोठी मेणबत्ती उभी होती, दोन हजार दोनचे आकडे कोरलेली, पण ती बरीच जळून खाली आली होती. आणि लोक आलेलुया गात होते, रोजच्या गाण्यासारखं, अर्धं लक्ष बाहेर ठेवून. उपवासात चाळीस दिवस तोंडातून न काढलेला शब्द म्हणायला ती इतक्या लांब आली होती. तिच्या ओठांवर तो आलाच नाही.

मिस्सा झाल्यावर तिने एका सिस्टरला गाठलं. "ईस्टर हाय ना आज?"

"आजी, ईस्टर होऊन महिना झाला. एकतीस मार्चला. यंदा लवकर आला."

"हनुमान जयंतीच्या आधी कसा येईल?"

सिस्टरने तिला बाकावर बसवलं. एकवीस मार्चपासून पुढे जी पुनव पडेल, तिच्यानंतरचा रविवार, असा तो हिशेब. बहुतेक वर्षी ती पुनव हनुमान जयंतीचीच असते. पण होळी उशिरा आली तर होळीचीच पुनव धरतात.

"होळीची," गिरजा म्हणाली. तिने बोटं मोजली. गुरुवारी होळी. शुक्रवारी धुळवड. शनिवारी टेम्पो गेले. चौथ्या बोटावर ती थांबली, आणि मुठीत ते बोट घट्ट धरून बसली.

देवाने नवस ऐकला होता. अगदी दिवस साधून, पोराला टोप घेऊन दारात उभं केलं होतं. याहून जास्त देवाने काय करायचं?

नवे फादर तरुण होते. पाड्यावर कोणी राहतं हे त्यांना आज कळत होतं, आणि त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी तिची बाटली भरून दिली आणि म्हणाले, "आजी, ईस्टर एका दिवसाचा नसतो. पन्नास दिवसांचा असतो. अजून बरेच दिवस शिल्लक आहेत."

सोमवारी तिने घरची एकुलती एक कोंबडी काखेत धरली आणि दोन एसट्या बदलून शहापूरच्या अलीकडच्या भट्टीवर गेली. मंगेश गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून माती मळत होता. त्याने तिला पाहिलं आणि पुन्हा खाली पाहून माती मळू लागला.

"सन त्याच दिशी व्हता," ती काठावरून म्हणाली. "ललिता खरं बोलली. मी चुकले रे."

पाय चिखलात वाजत राहिले. "आता काय त्याचं?" तो म्हणाला. "मी तुझ्या दारात येनार नाय म्हनलो ना."

"तू नको येऊस. मीच आलेय."

गिरजा झोपडीकडे वळली. कच्च्या विटा रचून केलेली झोपडी, वाकूनच आत जावं लागलं. ललिताने कोंबडी घेतली, पाणी दिलं, मागचं एक अक्षर काढलं नाही. भिंतीला खिळ्यावर सिस्टरांनी दिलेलं कॅलेंडर टांगलं होतं, मार्चच्याच पानावर थांबलेलं. शेवटच्या रविवारावर कुंकवाचा ठिपका होता आणि त्याच्या आधी शिमग्याला निघेपर्यंतच्या प्रत्येक दिवसावर कोळशाची एकेक रेघ.

"ह्या कसल्या रेघा?"

"मला कुठं वाचता येतंय?" ललिता लाजून म्हणाली. "सिस्टरनी दिस दाखवला तर ठिपका लावला. मग रोज एक रेघ मारायची. तुमचा सन चुकला तर तुमी आनखी रागवाल, म्हनून."

गिरजा रेघांवरून बोट फिरवत राहिली. तिकडे रिकाम्या पाड्यावर ती एकटी दिवस मोजत होती, तेव्हा इथेही कोणीतरी तिच्याच सणाचे दिवस मोजत होतं, आणि बरोबर मोजत होतं. ती मोठ्याने रडली. रेश्मा घाबरून आईच्या मागे लपली.

"घेऊन जा आय हे," ललिता खिळ्यावरून कॅलेंडर काढू लागली. "मी दुसरं मागीन."

"नको. तुज्याकडंच र्‍हाऊ दे." गिरजाने डोळे पुसले. "पुढच्या साली सन कंदी ते तू सांग. मी आयकीन."

दारात सावली पडली. मंगेश पाय धुऊन आला होता. त्याने कोपऱ्यातल्या तीन थाळ्या जमिनीवर मांडल्या, थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि शेजारच्या झोपडीत चौथी मागायला गेला.